ऑर्व्हिल द्यायचा की ठेवायचा

टॅमरॅक, सस्कॅचेवन
९ जानेवारी १९५८

ती. थेल्माताईस,
सा. न. वि. वि.

इकडे उणे पस्तीस. गाडी सुरू होईना म्हणून बर्फाच्या रिंकवर चालत गेलो, तर कमिटी माझीच वाट बघत बसलेली. मी पडलो आइस हॉकी संघाचा मॅनेजर, मग लोढणं माझ्याच गळ्यात. गोल राखणारा आपला गोली ऑर्व्हिल दुसऱ्या संघाला द्यायचा की ठेवायचा? वय एक्केचाळीस, गुडघे कुरकुरतात, तोंडभर टाके. पण अजून पहिला गोली तोच, आणि गावाचा लाडका. मला तर त्याला लांब अल्बर्टात धाडावासा वाटतो. पण बदल्यात चांगला तरणा गोली देतायत ते तुझ्या गावचे ड्राय फोर्कवाले. ऑर्व्हिलचं नाव तुझ्यापुढे काढू नये, कळतं मला. पण लग्नाच्या दिवशी तुला चर्चमध्ये ताटकळत ठेवून जो आलाच नाही, त्याचं काय करावं हे तुला नाही तर कुणाला विचारू?

तुझी माया या थंडीत गोठू देऊ नकोस.
तुझा मर्व्हिन

ड्राय फोर्क
१४ जानेवारी

चि. मर्व्हिन यास,
अनेक आशीर्वाद.

विचारतोस काय? दे! आणि अल्बर्टाला कशाला? इकडेच पाठव. आमचा संघ तळाला आहे, रिंकच्या छपरातून वारा घुसतो, आणि बचावाला जे उभे राहतात त्यांच्यापेक्षा खांब बरे. दर शनिवारी मी त्याच्या पाठीमागे जाळीला नाक लावून बसेन आणि त्याने गोल खाल्ला रे खाल्ला की गाईची घंटा वाजवीन. एकोणीस वर्षं लग्नाचा झगा ट्रंकेत पडलाय. झग्याला कसर लागली, माझ्या रागाला नाही लागली.

भाची मार्जोरीसाठी मोजे विणलेत, ते वेगळे पाठवते. बहिणीवर जीव असेल तर सही कर.
तुझी ताई

टॅमरॅक
२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

केली सही. ऑर्व्हिलने पॅडं खांद्यावर टाकली नि बसमध्ये चढला. गाव मात्र माझ्यावर फुगलंय. कॅफेवाली बाई आता मला केकचा तुकडासुद्धा निम्मा देते. मार्जोरीला मोजे अगदी बरोबर बसले.

तेवढं एक ऐक. घंटा खुशाल बडव, पण त्याच्याशी बोलू नकोस. महागोडबोल्या आहे, काहीही सांगेल.

धाकट्यावर मर्जी राहू दे.
मर्व्हिन

ड्राय फोर्क
२४ फेब्रुवारी

चि. मर्व्हिन यास,
आशीर्वाद.

पहिल्या शनिवारी घंटा सहा वेळा वाजवली. दुसऱ्या शनिवारी दोनदा. परवा एकदाही नाही! मेला सगळं अडवतोय. आम्ही चक्क चौथे आलो, आता बाद फेरीत.

चर्चच्या जेवणाला तो सरळ माझ्याच टेबलाशी येऊन बसला. तू म्हणालास तसंच, सांगायला त्याच्याकडे पुष्कळ होतं. असो. फायनलला आपलीच गाठ पडली तर रे? तुझा नवा गोली कसा आहे, तब्येत बरी आहे ना त्याची? सगळं सविस्तर लिही. मला तुझ्या पत्राशिवाय हल्ली चैन पडत नाही.

वाट बघते.
ताई

टॅमरॅक
६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून भरून आलं. आपलं माणूस ते आपलं माणूस. फायनल तुमच्याशीच ठरली, आणि माझी झोप उडालीय. पोरगा गुणी आहे, पण पकची चकती पकडायच्या डाव्या हाताचा अंगठा मोडलाय त्याचा. हातमोज्याच्या आत पट्टी बांधून खेळतो. पेपरवाल्यांना सर्दी झाल्याचं सांगितलंय. तुझे गाववाले त्याला नखशिखांत ओळखतात, पण हे त्यांना ठाऊक नाही. तू घरची म्हणून लिहितो, वाचून चुलीत घाल. वीस वर्षं या कपासाठी जीव काढलाय मी, ताई. या खेपेला तो आणतोच.

तुझा पाठीवर हात असू दे.
मर्व्हिन

ड्राय फोर्क
२३ मार्च

मर्व्हिन,

आशीर्वाद लिहायला बसले, हात उठेना.

फायनलला तुमच्यावर पाच गोल, आणि पाचही डाव्या हाताच्या बाजूने. तुला नवल वाटलं असेल. तुझं पत्र मी आमच्या संघाला वाचून दाखवलं, वर्गात कविता वाचते तसं, सावकाश. पोराचं वाईट वाटलं, त्याला केक पाठवलाय. तुझं नाही वाटलं.

सामना संपल्यावर दोन्ही संघ ओळीने हात मिळवतात ना, तेव्हा मी जाळीशीच उभी होते. तू सगळ्यांना हात दिलास. ऑर्व्हिलपुढे आलास आणि मान खाली घातलीस. चर्चच्या जेवणाला त्याने सांगितलं त्याबद्दल जी काही शंका उरली होती, ती तिथेच फिटली. लग्नाच्या सकाळी तूच त्याच्या दारात जाऊन सांगितलंस, थेल्माचं मन फिरलंय, चर्चमध्ये शोभा करायला येऊ नकोस. आणि मला येऊन सांगितलंस की तो पळाला. का, तर मला इथल्या शाळेत नोकरी लागली होती, तो माझ्याबरोबर येणार होता, आणि टॅमरॅकचा गोली गेला असता! अरे मेल्या, एका गोलीसाठी सख्ख्या बहिणीचं लग्न मोडलंस, आणि शेवटी तो गोलीही आपल्या हाताने देऊन टाकलास.

आता तो आणि मी काय करणार, ते विचारू नकोस. तुला सांगायची सोय राहिलेली नाही.

त्या सकाळी त्याने मला द्यायला म्हणून तुझ्याकडे एक पत्र दिलं होतं. तुझी सगळी पत्रं मी जपून ठेवलीत, एकही चुलीत घातलं नाही. माझं एकच तुझ्याकडे आहे. ते पाठव. जाळलं असशील, तर काय लिहिलं होतं ते आठवून, स्वतःच्या हाताने लिहून पाठव. तोवर लोभ मागू नकोस.

थेल्मा