मुकादमाचं दुखणं

दि. ११ नोव्हेंबर, दुपार

ती. वन्सं यांस,

साष्टांग नमस्कार. लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिला, त्याहून जास्त अर्थ काढू नये. तुम्ही बऱ्या असालच. मीही बरी आहे. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने आता स्वच्छ दिसतं, थेंब वेळेवर घालते. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही माझं वाक्य माझ्याआधी संपवता.

मुकादम दवाखान्यात आहे. नळी घातली आहे.

परवा संध्याकाळी तुमच्याकडून त्याला आणायला आले, तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते आठवा. "दहा दिवसांत वळण लावलं बघा. ओरडत नाही, टेबलावर चढत नाही, एका कोपऱ्यात बसून असतो. तुम्हा दोघांना अकरा वर्षांत जमलं नाही." बत्तीस वर्षं मुख्याध्यापिका होतात, मांजरालाही वर्गात बसवलंत. मी हसले. डोळ्यावर काळा चष्मा होता म्हणून माझं हसणं तुम्हाला खरं वाटलं असेल.

घरी आल्यावर मी पुस्तकबांधणीची खळ शिजवायला ठेवली. टाके घालण्याएवढी नजर अजून स्थिर नाही, पण चार वह्यांचे पुठ्ठे चिकटवायचे राहिले होते. कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायचा, त्याच्या आधीची बोटभर खळ मुकादमाची, हा नियम यांनी घालून दिलेला. पातेल्यावर चमचा वाजला की तो कुठूनही येऊन हजर व्हायचा. परवा आला नाही. मी बोट त्याच्या नाकापुढे धरलं, तर त्याने तोंड फिरवलं. अंगावरचे केस उभे आणि चिकट. अकरा वर्षं दिवसाचे चार तास स्वतःला चाटण्यात घालवणारा प्राणी, आणि अंग असं! पाय पोटाखाली ओढून, पाठ वर काढून बसला होता. तुम्ही त्याला शहाणपण म्हणता.

मग उठून वाळूच्या पेटीत गेला. बसला, जोर केला, बाहेर आला. पुन्हा गेला. अर्ध्या तासात पाच वेळा. मी हात घालून पाहिलं, वाळू कोरडी ठक्क. सहाव्यांदा बसला तेव्हा ओरडला. तो आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

तुम्ही माझ्या वाचनाची नेहमी थट्टा करता, की शाळा सातवीपर्यंत आणि गप्पा जगाच्या. खरं आहे. मी बांधणीला आलेलंच वाचलं, तेही न शिवलेल्या पानांच्या सुट्या फर्म्यांत, कधी शेवट आधी तर कधी सुरुवात गायब. दोन वर्षांपूर्वी चौकातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचं जाडजूड पुस्तक बांधायला आलं होतं. त्यात बोक्यांच्या आजारांचा फर्मा उलटा लागला होता, म्हणून तो मला दोनदा वाचावा लागला. बोका पुन्हा पुन्हा बसतो आणि लघवी होत नाही असं दिसलं, तर वाट पाहू नये, त्याच तासाला निघावं. मी कागदाच्या टोपलीत टॉवेल घातला, त्यात त्याला ठेवलं आणि निघाले. दवाखाना बंद व्हायला वीस मिनिटं होती.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर बोटं ठेवली आणि हसणं थांबवलं. म्हणाल्या, "काकू, दगड झालाय नुसता. वाट बंद आहे. कधीपासून हे?"

"माहीत नाही. दहा दिवस पाहुणा होता."

"कुणाकडे?"

"माझ्या नणंदेकडे."

"मग त्यांना विचारा. कधी सुरू झालं आणि पूर्ण बंद कधी झालं, हे मला हवंय. मूत्रपिंडांनी किती मार खाल्लाय त्याचा अंदाज लागतो. आज तुम्ही उद्यावर ढकललं असतं ना, तर मला काही विचारायचं कारणच उरलं नसतं."

म्हणून मी काल सकाळी तुमच्या दारात आले. तुम्ही म्हणालात, "छे, काही नव्हतं. अगदी सोशिक जीव." पण वन्सं, तुमच्या न्हाणीघरातून फिनेलचा भपकारा येत होता, आणि फिनेल तुम्हाला सोसत नाही हे मला माहीत आहे. काय पुसलंत?

तुमच्या घराण्यात कण्हणाऱ्याला नावं ठेवतात. तुमच्या आईंनी मोडलेल्या मनगटाने दोन दिवस सगळ्यांचा स्वयंपाक केला आणि कुणाला कळू दिलं नाही, ही गोष्ट तुम्ही माझ्या लग्नाच्या दिवशी मला कौतुकाने सांगितली होतीत. मी तेव्हाच घाबरायला हवं होतं. तुमच्या दोन धडक्या डोळ्यांना दहा दिवसांत दिसलं नाही ते माझ्या एका डोळ्याला अर्ध्या तासात दिसलं.

कधीपासून, ते लिहून कळवा. तारीख आणि वेळ. तोवर दवाखान्यात येऊ नका, मी तिथल्या मुलीला तसं सांगून ठेवलं आहे.

उत्तराची वाट पाहणारी, तुमची नव्हे,
वहिनी


दि. १३ नोव्हेंबर

ती. वन्सं यांस,

नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. तब्येतीची चौकशी केलीत, ती वाचली.

चौथ्या दिवसापासून, असं लिहिता. फरशीवर गुलाबी थेंब होते, ते पुसलेत. नवव्या दिवशी तेही नव्हते, म्हणून बरं वाटलं. बरं वाटलं! वन्सं, थेंब थांबले म्हणजे वाट बंद झाली. आणि मला का सांगितलं नाही, तर माझ्या डोळ्याला पट्टी होती, रडले असते तर डोळा बिघडला असता. माझ्या डोळ्याची एवढी काळजी मला नव्यानेच कळली. डोळा शाबूत राहिला आणि त्याला दिसलं काय, तर हे.

तुमचं पत्र मी डॉक्टरीणबाईंना दाखवलं नाही, फक्त दिवस सांगितला. घरचं उणंदुणं त्यांच्या टेबलावर कशाला.

मुकादमाचं म्हणाल तर काल सकाळी नळी काढली. दुपारपर्यंत दोनदा लघवी झाली, मी तिथल्या बाकावर बसून आनंदाने बिस्किटाचा अख्खा पुडा संपवला. संध्याकाळी पुन्हा बंद. पुन्हा भूल, पुन्हा नळी. आता खात नाही. मासळीचं पाणी बोटाने ओठाला लावलं तर नुसतं बघतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, दोन दिवस बघू. नाही तर मोठं ऑपरेशन, आणि वय अकरा. पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मला पुरं करता आलं, वाचायची सवय आहे.

तुमच्या पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंत: "मांजराचं अर्ध्या तासात दिसलं तुम्हाला. माझा भाऊ तुमच्या डोळ्यांसमोर वाळत गेला, तेव्हा कुठे होते ते डोळे? मी तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलंय. आता तुम्ही सांगा, त्याचं कधीपासून?"

शेवटच्या दहा दिवसांत इस्पितळात जे डॉक्टर होते, त्यांना विचारा. त्यांच्याकडे कागद आहेत. मला माहीत नाही.

वहिनी


दि. १८ नोव्हेंबर

ती. वन्सं यांस,

मुकादम काल घरी आला. काल सकाळी नळीशिवाय तीनदा झाली, आज पहाटे भरपूर. मी ओल्या वाळूचा गोळा हातात घेऊन उभी राहिले, कुणी पाहिलं असतं तर वेड लागलं म्हटलं असतं. खातो आहे. पिंजऱ्याच्या दारावरून तिथल्या मुलीला ओरबाडलंन, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता न्या याला. बरा झाला."

निघताना त्यांनी माझ्या हातात चार पानं ठेवली. म्हणाल्या, "या बाई तुमच्या कोण? शुक्रवारी देऊन गेल्या. आत बोलावलं तर आल्या नाहीत, म्हणाल्या मला परवानगी नाही. फार उपयोग झाला याचा. वेळ न् वेळ लिहिलीय."

आखीव कागद, शाळेच्या वहीतले. वन्सं, तुमचं अक्षर मला लांबून ओळखू येतं. दिवस चौथा, सकाळी सव्वासात, थेंब दोन, रंग फिकट. दिवस सहावा, दुपार, पेटीत सात वेळा, थेंब नाममात्र, स्वतःला फार चाटतो. दिवस आठवा, दूध ओकला. म्हणजे तुम्हाला सगळं दिसलं होतं. माझ्यापेक्षा जास्त दिसलं होतं. पाहत होतात, लिहीत होतात आणि कुणाला सांगत नव्हतात. तुम्हाला दिसलं नाही असं मी लिहिलं, ते मागे घेते. दिसून गप्प राहणं मला जास्त वाईट वाटतं, ते मागे घेत नाही.

चौथ्या पानाच्या तळाशी लिहिलंत, "चूक माझी." खाली सही. तुमच्या घराण्यात हे शब्द मी पस्तीस वर्षांत ऐकले नव्हते, आणि तुम्ही ते लिहिलेत तेही एका परक्या बाईला.

कालपासून मी ती पानं उशीखाली ठेवून तुमच्यावर चिडते आहे. चिडण्याचं कारण आता खाली लिहिते.

कधीपासून, असं तुम्ही विचारलंत. मला माहीत आहे. तुमच्याइतकंच टिपून माहीत आहे, फक्त मी कागदावर लिहिलं नाही.

गेल्या वर्षी ऑक्टोबर संपत आला होता. यांनी कमरेचा पट्टा माझ्यापुढे टाकला आणि म्हणाले, "एक भोक पाड गं." पुठ्ठ्याला भोकं पाडायच्या पंचाने मी ते पाडलं. चेष्टाही केली, की लग्न ठरवायचंय का पुन्हा. तीन आठवड्यांनी दुसरं भोक. तेव्हा चेष्टा केली नाही. तीन डिसेंबरला डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. तिसरं भोक मी त्यानंतर पाडलं, तेव्हा यांनी मान दुसरीकडे वळवली होती. तुम्हाला कळलं मार्चमध्ये, इस्पितळातून फोन गेला तेव्हा.

जानेवारीपर्यंत प्रत्येक रविवारी तुम्ही येत होतात. म्हणायचात, "बारीक झालास, छान दिसतोस. वहिनींनी तेलकट बंद केलं वाटतं." हे हसायचे. मी चहा ठेवायचे. तुमचे डोळे त्यांच्या गळ्याच्या हाडावर थांबायचे, मग तुम्ही शेजाऱ्यांचं काही काढायचात. आज ही चार पानं वाचून वाटतं, की तेव्हाही तुम्ही मनातल्या मनात टिपत असाल. तसं असेल तर सांगू नका.

"ताईला इतक्यात सांगू नकोस," असं हे म्हणाले होते. डिसेंबरात. एकदाच. तुम्ही इस्पितळात माझा दंड धरून हलवलात, तेव्हा मी हेच सांगितलं. ते खोटं नव्हतं. पुढचं गाळलं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हे म्हणाले, "आता ताईला बोलाव. तिच्याशी बोलायचंय." मी म्हटलं, बोलावते. बोलावलं नाही. त्या रविवारी तुम्ही आलात, तेव्हा हे आतल्या खोलीत होते. मी दारातच सांगितलं, झोपलेत, रात्री काम होतं. हे जागे होते. पुढच्या दोन रविवारीही मी तुम्हाला तेच सांगून परत पाठवलं. मग तुम्ही यायच्या थांबलात. फेब्रुवारीत यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, वन्सं गावाला गेल्या आहेत. आठ दिवसांनी तिसऱ्यांदा म्हणाले, "आली का ताई?" मी म्हटलं, अजून नाही. त्यानंतर विचारलं नाही. त्यांनी ते खरं मानलं की माझं खोटं पोटात घेतलं, मला सांगता येणार नाही. तुमचेच भाऊ होते.

कारण विचाराल. तुम्ही आला असतात तर पिशवी घेऊन आला असतात आणि खाटेजवळची खुर्ची तुमची झाली असती. नऊ वर्षांचा पोरका भाऊ तुम्ही वाढवलात, हे मी लग्नाच्या दिवसापासून ऐकते आहे. तुम्ही त्यांना भरवलं असतंत, आणि मी पाणी आणून देणारी झाले असते. ते दिवस मला एकटीला हवे होते. ते मी घेतले. चांगले होते वन्सं. यांना वाचवत नव्हतं, मी वाचून दाखवायचे, हे डोळे मिटून ऐकायचे, मुकादम पायांवर असायचा. मला त्या दिवसांचा पश्चात्ताप होत नाही. तुम्हाला मिळाले नाहीत याचा होतो. दोन्ही एकदम कसं होतं ते मला कुठल्याही फर्म्यात सापडलेलं नाही.

म्हणून तुम्ही पुसलेल्या गुलाबी थेंबांवर मी एवढी तुटून पडले. तुम्ही सहा दिवस लपवलंत आणि विचारल्यावर तिसऱ्या दिवशी सगळं लिहून दिलंत. माझं आजपर्यंत लपलं होतं.

क्षमा मागत नाही. ती ज्यांच्याकडे मागायची ते गेले, आणि तुम्ही दिलीत तर मला तुमचा आणखी राग येईल.

मुकादमाचा पुढचा हिशोब असा. रोज किती वेळा पेटीत जातो आणि वाळू किती ओली होते ते पाहायचं आहे. पुढच्या महिन्यात माझा दुसरा डोळा आहे. तेव्हा त्याला कुठे ठेवायचं ते ठरलेलं नाही. हे पत्र वाचून झाल्यावरही त्याला ठेवायची तुमची तयारी असेल तर कळवा. नसेल तर तेही कळवा. गप्प तेवढ्या राहू नका.

यांनी तुम्हाला तीनदा बोलावलं होतं. तीनदा. तिन्ही निरोप आज पोचवते आहे.

वहिनी