शून्यावरची रेघ

६ एप्रिल २०१४, रविवार

विहार कमिटीतला समाधान येऊन गेला. जय भीम घातला, चहा प्यायला, आणि कप खाली ठेवल्यावर म्हणाला, "अण्णा, यंदा पौर्णिमेला फ्लेक्सच करू म्हणतेय कमिटी. तुम्हाला कशाला त्रास?"

त्रास म्हणे! विहारातला बुद्धांचा पडदा माझ्या जन्माआधीपासून अण्णा रंगवतायत. वैशाख म्हणजे आमच्या घरात टर्पेंटाइनचा वास. अण्णा "बरं" म्हणाले आणि गॅलरीत जाऊन बसले. उजवा हात थरथरत होता, तो डाव्याने धरून ठेवलेला.

समाधानचं तरी काय चुकलं? गेल्या वर्षीच्या पडद्यावरचे डोळे सगळ्यांनी पाहिले होते. बोललं कोणी नाही, एवढंच. मला राग आला तो आधी चहा पिऊन घेण्याचा!

९ एप्रिल

स्टुडिओतल्या शेफालीकडून तिथला एक जुना पेन टॅब्लेट मागून आणला. परदेशी कार्टूनांच्या मागची झाडं-डोंगर मी दिवसभर तसल्याच टॅब्लेटवर रंगवते. आई गेल्यापासून धायरीचा हा फ्लॅट चालतो तो त्या डोंगरांवर.

अण्णांना एकेक ब्रश दाखवला. कोरडा ब्रश, पाणरंगाचा, फवाऱ्याचा, तेलरंगाचा.

"तेलाचा? वास कुठाय मग?"

काळ्या पाटीवर पेन फिरवायचा आणि रेघ समोर स्क्रीनवर उमटायची, हे काही त्यांना पटेना. "हात एकीकडे, डोळे भलतीकडे! आंधळी कोशिंबीर आहे का?" तरी ओढली एक रेघ. मुंग्यांची रांग वाऱ्याने विस्कटावी तशी आली. पेन ठेवला आणि म्हणाले, "आमू, जेवायला वाढ."

लक्ष्मी रोडच्या अर्ध्या पाट्या या माणसाने लिहिल्यात. जेवताना आमटीची वाटी तोंडापर्यंत जात नाही. मला बघवत नाही. तरी बघते.

१२ एप्रिल

आज सॉफ्टवेअरमधलं स्मूदिंग लावून दिलं. हात हलला तरी रेघ सरळ करून देतं ते. शून्य ठेवा, तर जसा हात तशी रेघ. आकडा वाढवाल तसं मशीन हात सांभाळून घेतं. मी स्वतः गेली दोन-तीन वर्षं ऐंशीवरच काम करते. अण्णांना नव्वदवर दिलं. सांगितलं मात्र नाही.

पहिलीच रेघ — एकदम गुळगुळीत! अण्णा स्क्रीनकडे बघतच राहिले. मग पेन माझ्यापुढे नाचवत म्हणाले, "हात आला बघ! डॉक्टर काय सांगतोय, कंप आता जायचा नाही म्हणून!"

सांगायला हवं होतं.

१७ एप्रिल, गुरुवार

मतदान. पूर्वी निवडणूक म्हटलं की अण्णांना भिंती रंगवण्यातून श्वास घ्यायला फुरसत नसायची. आज केंद्रात सही करायला रजिस्टर पुढे आलं. अण्णांचा पेन तीनदा घसरला. मागची रांग च्याक्-च्याक् करायला लागली, तेव्हा तिथली बाई म्हणाली, "आजोबा, राहू द्या, अंगठा द्या."

दशरथ पेंटर — अंगठा!

मी लगेच मागून सही केली. तीही धड उठली नाही. सरकारी टेबल, एक पाय आखूड असणारच. टेबल हलतंय म्हणून बाईंना दोन शब्द सुनावलेही. अण्णांच्या अंगठ्याचा राग, दुसरं काय! वाटभर अण्णा मध्येच माझ्याकडे बघायचे. अपमान झाला त्यांचा.

२० एप्रिल

अण्णांनी पडद्याचं चित्र घेतलंय करायला. मी समाधानला फोन करून सांगितलं, फ्लेक्सच छापायचाय ना, मग अण्णांच्या चित्राचा छापा. तो खूश. त्याच्या मनावरचंही ओझं उतरलं असावं.

अण्णा शीळ घालतायत. आई गेल्यापासून ऐकली नव्हती.

२६ एप्रिल

आज दोन कप फुटले. एक त्यांचा, एक माझा. बशीत ओतून पिऊ म्हणाले, तर बशी तरी कुठे धड राहणार!

२ मे

कळलं.

पिंपळाच्या जुन्या सालीवर ते हट्टाने खडबडीत, वाकडीतिकडी रेघ ओढत होते. मशीन ती सरळ करत होतं. बराच वेळ झगडले, मग पेन खाली ठेवला. "मी वाकडं काढतोय आणि सरळ येतंय. आमू, हे कोण काढतंय?"

सांगितलं सगळं.

ओरडले असते तर बरं झालं असतं. "कमिटीने तोंडावर नाही म्हणून सांगितलं. तू तेवढंही केलं नाहीस."

मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. त्यांना आनंद द्यायला गेले आणि होता तो मानही काढून घेतला.

७ मे

स्मूदिंग शून्यावर आणायला लावलं. सगळं चित्र पुन्हा. बुद्धांचा खांदा थरथरतोय, चीवराची घडी थरथरतेय, पिंपळ तर सगळाच. "जसा हात तशी रेघ. चालेल त्यांना," म्हणाले. त्यांना म्हणजे कमिटीला नव्हे.

मला चित्र आवडलं. खरंच. उन्हाच्या झळांमागे कोणीतरी शांत बसलंय असं वाटतं.

११ मे, रविवार

सगळं झालं, मिटल्या पापण्या सोडून. त्या नुसत्या दोन रेघा. तिथे हात हलला की शांत चेहरा दुखऱ्या माणसाचा होतो. अण्णांनी कितीदा ओढल्या आणि पुसल्या. शेवटी उठले आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"तेवढ्या तू ओढ. पण शून्यावर. बोटांनी नको, खांद्यातून ओढ."

म्हणजे माफ केलं! मी म्हटलं, अहो अण्णा, दोन मिनिटांचं काम. मंगळवारी स्टुडिओतून आले की देते. ते हसले नाहीत. "आत्ताच बघ की एकदा," म्हणाले. मला कपडे वाळत घालायचे होते.

१३ मे

शून्यावर ओढली. थरथरली. पेनाचं टोक बदललं. तरी थरथरली. दुसरा ब्रश घेतला. मग मशीन बंद केलं आणि कागदावर पेन्सिलीने ओढली. तशीच.

अण्णा मागे उभे होते. खांद्यावर हात ठेवला. दोघंही हलत होतो.

"मतदानाच्या दिवशी टेबल हलत नव्हतं, आमू."