ओलिन्दाने जोडलेलं मशीन

कोलोनिया बेलफोर्ते, सांता फे
६ मे

ती. नेल्वाताईस,
देल्मोचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तुमच्या दक्षिणेकडे सार्मिएन्तोला हिवाळा लागतो न लागतो तोच नळ गोठायला लागले हे वाचून ओलिन्दाने तुझ्यासाठी लोकरीचे मोजे विणायला घेतलेत. तुझ्या पायाचं माप तिने मला विचारलं. मी म्हटलं, लहानपणी खाल्लेल्या लाथांवरून सांगतो, मोठंच धर.

आता खरी बातमी. उजवा हात थरथरतो हे मागच्या पत्रात मी थट्टेवारी नेलं होतं. राफाएला शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला नाव दिलं, पार्किन्सन. गोळ्यांनी चालणं सुधारलंय, पण हात ऐकत नाही. मिलिंग मशीनचं हँडल धरलं की तेही माझ्याबरोबर थरथरतं आणि कापलेल्या धातूवर बारीक लाटा उमटतात. माझ्याच कामावरून बोट फिरवायची मला लाज वाटायला लागली आहे.

त्यातच आपल्या गावच्या स्वयंसेवक बंबवाल्यांचा प्रमुख तोसोलिनी घरी आला. बंबाच्या पंपातलं ब्रॉन्झचं चाक फुटलंय, तेच ते, वाकड्या पात्यांचं, पाणी फेकणारं. पंप बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला. ऑगस्टात रानं वाळतात, वणवे लागतात, त्याआधी नवं चाक हवंय. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून बसलो.

म्हणून ठरवलंय की मशीनची हँडलं काढायची, त्या जागी मोटरी बसवायच्या आणि सगळं कॉम्प्युटरच्या हुकमाने चालवायचं. मोटरी आल्या, मशीनचं टेबल सरकवणारे नवे लांब स्क्रूसुद्धा कसेबसे बसवले. आता पुढ्यात वायरींचं जंगल आहे. तू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढलास. फोनवर तुला ऐकू येत नाही, तेव्हा लिहूनच सांग, सुरुवात कुठून करू?

मनातून उतरवू नकोस मला.

तुझा
देल्मो

---

सार्मिएन्तो, चुबुत
१९ मे

प्रिय देल्मो,
तुला आणि ओलिन्दाला माझे अ. आ.

पत्र वाचून आधी रडले, मग तू इतके दिवस थट्टा करत लपवलंस म्हणून चिडले, आणि मग पेन्सिल घेऊन बसले. रडण्याचं आणि चिडण्याचं समोरासमोर बघू, इथे पेन्सिलीचं तेवढं लिहिते.

सगळ्यात आधी लाल बटण जोड, दाबलं की सगळं बंद करणारं. मोटर हलायच्याही आधी ते चाललं पाहिजे. मग एकच मोटर जोड, ती फिरली की दुसरी. सगळं एकदम जोडून बटण दाबायची तुझी खोड मला माहीत आहे. आईचा रेडिओ तू तसाच जाळलास.

प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लाव. वीज चालू असताना पेटीत बोट घालायचं नाही, आणि पेटीचं अर्थिंग चोख हवं.

राहिला प्रश्न वायरी आवळायच्या बारीक स्क्रूंचा. ते तुझ्या हातून व्हायचे नाहीत, आणि तू हट्टाने करायला गेलास तर एक तरी वायर सैल राहील. तुझ्या घरात एक बाई आहे, ती चष्मा न लावता सुईत दोरा ओवते. लग्नापासून तिने तुझ्या वर्कशॉपचा उंबरा ओलांडलेला नाही, कारण तूच तिला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतंस की इथे कशाला हात लावू नकोस. जा आणि विनंती कर. विनंती म्हणतेय, हुकूम नव्हे. झालं की पेटीचा फोटो पाठव.

मोज्यांची वाट पाहतेय. जिवाला जप आणि या म्हातारीची आठवण असू दे.

तुझी
नेल्वा

---

कोलोनिया बेलफोर्ते
२३ जून

ती. नेल्वाताईस सा. न.

विनंती केली. ओलिन्दाने आधी वर्कशॉप झाडून घ्यायला लावलं, मगच आत आली. मग स्टूलवर बसून, ब्लाऊजला हुक लावावेत तशा शांतपणे तिने एकेक वायर सोलली आणि स्क्रूखाली बसवली. मी वायरींचा नकाशा वाचायचा, तिने जोडायचं. ती वायरींना रंगांनी हाक मारते, आणि ‘तो तुमचा आजारी हिरवा कुठे जायचा’ असं विचारते. ओढून पाहिलं, एकही सुटली नाही.

टेबल आडवं सरकवणारी मोटर पहिल्यांदा उलटी फिरली. उजवीकडे म्हटलं की डावीकडे. ओलिन्दा म्हणाली, हिला आपल्या महापौरांनी शिकवलेलं दिसतंय. दोन वायरींची अदलाबदल केली, सुधारली.

आणि मग टेबल सरकलं. ताई, कसं लिहू? हँडल नाही, हात नाही, कोणी ढकललं नाही. एवढं ओतीव लोखंडाचं धूड, ते तळ्यात होडी सरकावी तसं सरकलं आणि सांगितल्या जागी येऊन थांबलं. मग दोन्ही मोटरी एकदम चालवल्या आणि टेबलाने हवेत गोल काढला. तो गोल कुठे सुरू झाला, कुठे मिटला, मला कळलं नाही. आयुष्यभर मी त्या टेबलाला छातीशी धरून ढकलत आलो, दोन पावलं मागे उभं राहून त्याच्याकडे पाहिलं असं कधी झालंच नव्हतं. ओलिन्दाने छातीवर क्रूस काढला. थोड्या वेळाने विचारलं, याला झाडू मारायला शिकवता येईल का.

फोटो सोबत आहे. तिच्या वायरी बघ, कशा नटवल्यात. मोजे वेगळे पाठवतोय.

कौतुक कर तिचं, आणि उरलं तर माझंही.

तुझा
देल्मो

---

कोलोनिया बेलफोर्ते
७ जुलै

ती. ताई,
नमस्कार.

तुझ्या उत्तराआधीच लिहितोय. मशीन चालत नाही. टेबल एकटं सरकतं तोवर सगळं झकास. पण कटर फिरवणारी मोठी मोटर सुरू केली, की टेबल जागच्या जागी थांबतं आणि पडद्यावर येतं की ते टोकाला जाऊन आदळलं. टेबल मधोमध उभं आहे! टेबल टोकाला गेलं की दाबले जाणारे ते टोकाचे स्विच बदलले, कॉम्प्युटर बदलून पाहिला, पुन्हा तेच.

ओलिन्दाला वाटतं तिच्या हातून काही चुकलं. बोलत नाही, जेवतही नाही नीट. मला वाटतं नकाशा वाचताना मीच चुकलो. हल्ली मला हातावर भरवसा नाही, आता डोक्यावरही राहिलेला नाही. तोसोलिनी रस्त्यात भेटला तर मी पलीकडच्या फुटपाथवर जातो. त्याला सांगून टाकतो की दुसरा कोणी शोध. जुनी हँडलं अजून फेकलेली नाहीत, पण ती परत बसवून तरी काय करू?

यापुढे लिहवत नाही.

देल्मो

---

सार्मिएन्तो
१६ जुलै

प्रिय देल्मो,
अ. आ. तोसोलिनीला काही सांगू नकोस. सांगून बसला असशील तर जाऊन परत घे.

तुझी दोन्ही पत्रं आणि फोटो एकाच दिवशी हातात पडले. फोटो मी भिंग लावून पाहिला. तुझ्या मशीनला माझाच आजार झालाय. माझ्या कानात घंटा वाजतात आणि मी दार उघडायला जाते, दारात कोणी नसतं. कोणी वाजवत नाही, नुसतं ऐकू येतं. टोकाच्या स्विचला कोणी हात लावत नाही, पण मोठी मोटर सुरू झाली की तिची वीज शेजारच्या वायरीत कुजबुजते आणि कॉम्प्युटरला वाटतं स्विच दाबला गेला.

शेजारच्या का म्हणतेय ते ओलिन्दाला समजावून सांग, आणि हसत सांग. तिने सगळ्या वायरींची इतकी सुंदर वेणी घातली आहे की एक्स्चेंजमधल्या आमच्या साहेबांनी फ्रेम करून लावली असती. ती वेणी सोडा. मोठ्या मोटरची केबल एका भिंतीने न्या, स्विचच्या वायरी दुसऱ्या. कुठे ओलांडावं लागलंच तर आडवं ओलांडा, बरोबरीने पळवू नका.

शिवाय केबलवरची तारेची जाळी तिने दोन्ही टोकांना जोडलेली दिसते. स्विचच्या केबलची जाळी फक्त पेटीच्या बाजूला जोडा, दुसरं टोक कापून टेप लावा. आणि सगळी अर्थिंग पेटीतल्या एकाच बोल्टवर आणा. बोल्टखालचा रंग खरवडा, धातू चकाकला पाहिजे. हे सगळं करताना मेन स्विच बंद.

कोणाचीच चूक नाही. नीटनेटकेपणा ही चूक असेल तर अशी चूक करणारी माणसं मला आयुष्यभर मिळायला हवी होती. ओलिन्दाला जेवायला घाल. मोजे अगदी बरोबर बसले.

वाईट बातमी असली तरी लिहीत जा, गप्प बसलास की मला झोप येत नाही.

तुझी
नेल्वा

---

कोलोनिया बेलफोर्ते
२ ऑगस्ट

ती. नेल्वाताईस,
जमिनीवर डोकं टेकवून सा. न.

वेणी सोडली. ओलिन्दा हसली, मग म्हणाली, ताईंना सांगा, मी अंबाडा घालायला तयार होते. मी मोठी मोटर सुरू केली. ती घुमायला लागली आणि आम्ही दोघं पडद्याकडे बघत उभे राहिलो. काही आलं नाही. टेबल सरकलं, सरकत राहिलं. ओलिन्दाने माझा दंड इतका घट्ट धरला होता की अजून दुखतोय.

आधी लाकडात करून पाहिलं. मग ब्रॉन्झ चढवलं. पात्यांचा बाक मी जुन्या चाकावरून मोजून कॉम्प्युटरला शिकवला होता. तू कधी ब्रॉन्झ कापताना पाहिलंयस? सोनेरी चुरा कारंज्यासारखा उडतो. कटर एका थराने खाली उतरायचा, पात्याच्या कडेने वळायचा, पुन्हा उतरायचा, आणि त्या पिवळ्या ठोकळ्यातून हळूहळू एक पाकळी वर यायची. मग दुसरी, पहिलीसारखीच. मी हात खिशात घालून उभा होतो. उजवा हात खिशातही थरथरत होता, पण त्या चाकाला त्याचा पत्ताच नव्हता. मला जे हातात धरून जमायचं, आणि जमायचं थांबलं, ते माझ्यासमोर आपोआप घडत होतं, मी मनात धरलेलं जसंच्या तसं. चर्चमध्ये मी नेहमी घड्याळ बघतो, तिथे मला किती वेळ गेला ते कळलं नाही. ओलिन्दाने मला खुर्ची आणून दिली तेव्हा लक्षात आलं की आम्ही कुजबुजत बोलतोय.

पाती बोटाने तपासली. गुळगुळीत. उद्या तोसोलिनी चाक न्यायला येतोय.

इथे असतीस तर तुला उचलून घेतलं असतं, मग दोघंही पडलो असतो तरी चाललं असतं.

तुझा
देल्मो

---

कोलोनिया बेलफोर्ते
११ सप्टेंबर

ती. नेल्वाताई यांस,
ओलिन्दाचा कृ. सा. न. वि. वि.

या वेळी पत्र मी लिहिते आहे. त्यांना सांगितलं तर ते म्हणतात, त्यात लिहिण्यासारखं काय आहे. तुम्हीच ठरवा.

मागच्या शनिवारी दुपारी शाळेमागच्या गवताला आग लागली. वारा उत्तरेचा, गरम आणि कोरडा, आणि गवत कागदासारखं. भोंगा वाजला तशी सगळी गल्ली तिकडे पळाली. हे गेले नाहीत. फाटकापाशी उभे राहिले, कठडा धरून. मी विचारलं, चला ना, बघू. तर म्हणाले, चाक फुटलं तर ते बघायला नको. बंब आमच्यासमोरून गेला. मीही मग गेले नाही, शेजारी उभी राहिले. माझ्या डोक्यात एकच, मी जोडलेली एखादी वायर सैल होती का आणि त्यामुळे पात्याला कुठे खोट राहिली का. धूर काळा होता, मग पांढरा झाला, मग नुसता करडा राहिला. शाळेला धग लागली नाही.

संध्याकाळी बंब परतताना आमच्या दारात थांबला. तोसोलिनी खाली उतरला, फक्त डोळे आणि दात दिसत होते. यांनी आग कशी विझली ते विचारलंच नाही. विचारलं, पंप कसा चालला, थरथरत होता का. पूर्वी पंप लावला की अख्खा बंब खडखडायचा, तुम्हाला आठवत असेल. तोसोलिनी बंबाकडे वळला. ड्रायव्हरला हाक मारून म्हणाला, लाव रे पंप.

आमच्या दारासमोर पंप सुरू झाला. खडखड नाही, काही नाही, नुसती एकसारखी घुमघुम, मधमाशांच्या पोळ्याजवळ कान नेल्यावर येते तशी. पाण्याची धार आमच्या छपराच्या वर गेली आणि पलीकडच्या पॉप्लरच्या शेंड्यावर पडली. मुलं ओरडायला लागली. बंबावरच्या एका पोराने येर्बाच्या कडू चहाचा भरलेला पेला पंपाच्या झाकणावर ठेवला. तो जागचा हलला नाही.

ताई, हे पुढे गेले आणि दोन्ही तळवे त्या झाकणावर ठेवले. त्यांचा उजवा हात थरथरत होता, सगळ्यांना दिसत होतं. या चार महिन्यांत त्यांनी ते कोणाला दिसू दिलं नव्हतं. हातांखाली ते झाकण मात्र स्थिर होतं. ते बराच वेळ तसेच उभे राहिले, धारेकडे न बघता, झाकणाकडे बघत. मग मान न वळवता मला हाक मारली, तोसोलिनीसमोर, सगळ्या गल्लीसमोर, आणि म्हणाले, ये, तूही हात लावून बघ.

मी एप्रनला हात पुसले आणि झाकणाला लावले.

तुमची माया आमच्यापर्यंत पोहोचते आहे, ती अशीच येत राहू द्या.

तुमची
ओलिन्दा