चक्कर म्हणजे हेलपाटा

अमरावती
रविवार

प्रिय बाबा,

शाळेत शिकवलं होतं तसं ‘तीर्थरूप बाबांस’ लिहिणार होते, पण तसं लिहिलं की तुम्ही चष्मा पुसून, खाकरून, सरकारी नोटीस आल्यासारखे वाचायला बसाल. म्हणून नुसतं प्रिय. फोन का केला नाही तेही सांगून टाकते. फोनवर तुम्ही ‘बरी हायेस ना? घे, आईसंग बोल’ एवढं म्हणता आणि मोबाइल आईच्या हाती देता. दिवाळीपासून हेच चाललंय. पत्र असं दुसऱ्याच्या कानाला लावता येत नाही. काकांचा नितेश आज ट्रॅक्टरचा पार्ट घ्यायला इथे आलाय, त्याच्याच हाती हे पाठवतेय. त्याला यातलं काही सांगितलेलं नाही, त्यामुळे त्याला धारेवर धरू नका. आणि शेवटपर्यंत वाचा, कारण मुद्द्याची गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे.

बातमी मात्र आधी. दाखला आला, बाबा! परवा मेसमध्ये जेवता जेवता विमान खात्याचं पोर्टल उघडलं, आणि इतके महिने जिथे लाल अक्षरांत ‘तात्पुरती अपात्र’ दिसायचं तिथे ‘पात्र’ दिसलं. वर्ग एकचा वैद्यकीय दाखला, व्यावसायिक वैमानिक व्हायला लागतो तो. फ्लाइंग स्कूलनं माझी जागा महिनाअखेरपर्यंतच धरून ठेवली होती, ती पक्की झाली. मी ताटावरून उठून इतक्या जोरात ओरडले की मेसच्या रुख्मिणीकाकूंच्या हातातला वरणाचा गंज कलंडता कलंडता राहिला. शेजारच्या नत्थुजींना सांगा, इथल्या धावपट्टीवरून विमान उडालं तर बार्शीटाकळीपर्यंत आवाज येत नाही, तेव्हा त्यांचे बैल काही बुजणार नाहीत. एवढं वाचूनही तुमच्या कपाळावरची आठी जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. का जाणार नाही, तेही आता कळलंय.

आपल्याकडे माणूस बाजारात चक्कर मारतो, वावरात चक्कर मारतो, सोयऱ्यांकडे चक्कर मारतो. ऑफिसात मात्र चकरा मारतो, कारण एका चकरेत काम झाल्याचं कोणी ऐकलेलं नाही. माझ्या जन्मदाखल्यावर तुम्ही ‘खुशाल’ आणि दहावीच्या मार्कशीटवर ‘खुशालराव’. पोर्टलला वाटलं हे दोन बाप आहेत. तालुक्याच्या बाबूंनी जिल्ह्याला पाठवलं, जिल्ह्याच्यांनी जिथे जन्म झाला तिथे पाठवलं, आणि तिथले साहेब ट्रेनिंगला गेलेले. वैशाखाच्या उन्हात उपरणं डोक्याला गुंडाळून तुम्ही माझ्यासोबत फिरत होतात. ‘राव लावला तं एका मानसाचे दोन होतेत काय? मंग आपल्या गावात सगळेच डबल हायेत,’ असं तुम्ही त्या खिडकीवर म्हणालात तेव्हा रांगेतले सगळे हसले होते. फक्त खिडकीतला माणूस हसला नाही. त्यानं खिडकी लावून घेतली आणि आपली आणखी एक चक्कर वाढली.

मग दिल्ली, वैद्यकीय तपासणीला. हा प्रसंग मी इथल्या मैत्रिणींना इतक्यांदा सांगितलाय की आता त्या माझ्या आधी म्हणून दाखवतात. मी कानांच्या तपासणीसाठी त्या बंद पेटीसारख्या खोलीत, कानांवर हेडफोन लावून. तुम्ही बाहेर बाकावर, मांडीवर आईनं दिलेल्या चिवड्याची पिशवी. तेवढ्यात तो सहायक अर्धवट भरलेला फॉर्म घेऊन आला आणि त्यानं विचारलं, ‘लडकी को चक्कर?’ बस्स. चार महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी आपुलकीनं विचारलं असं तुम्हाला वाटलं. ‘चक्कर? मत पूछो साहब! चार महिने से चक्करच चक्कर चालू है. हप्ते में दो तो पक्के.’ त्यानं विचारलं, ‘धूप में जादा?’ तुम्ही म्हणालात, ‘धूप में तो जान जाती है, साहब!’ तो बिचारा लिहीत गेला, आणि तुम्ही त्याला ओंजळभर चिवडाही दिलात. मी बाहेर आले तेव्हा तुमचा चेहरा कसा खुलला होता! ‘लय चांगला मानूस हाये,’ म्हणालात. ‘इतक्या दिवसांत पयल्यांदा कोनी इचारलं.’

निकाल आला त्यात लिहिलेलं होतं: वारंवार चक्कर येण्याचा इतिहास, उन्हात वाढ, माहिती देणारे वडील. तुम्ही तो कागद तीनदा वाचलात आणि ओट्यावर बसून राहिलात. ‘काहून लिवलं त्यानं असं? म्या तं ऑफिसच्या चकरा सांगतल्या.’ आई पदर तोंडाला लावून हसत होती, मीही हसत होते, तुम्ही मात्र हसला नाहीत. बाबा, मला तेव्हाही तुमचा राग आला नव्हता आणि आजही नाही. राग आला तो त्यानंतरच्या कारभाराचा. लिहिणाऱ्याला एक ओळ लिहायला अर्धं मिनिट लागलं. ती खोडण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे शोधण्यातच माझा पावसाळा गेला. दिल्लीच्या फोनवरची बाई दरवेळी गोड आवाजात सांगायची, की चक्कर असल्याचा रिपोर्ट जोडायला पोर्टलवर जागा आहे, नसल्याचा जोडायला नाही. शेवटी मी नसल्याचा रिपोर्ट असल्याच्याच जागी चिकटवला. तुमचीच लेक आहे, दार लागलं तर खिडकीतून शिरणार.

त्या रिपोर्टसाठी नागपूरच्या कानाच्या डॉक्टरांनी माझ्या कानात आधी गार आणि मग कोमट पाणी सोडलं, आणि अख्खी खोली गरगर फिरायला लागली. मी घाबरून विचारलं, झालं, आता नापास का? ते म्हणाले, अगं, यात चक्कर यायलाच हवी, नाही आली तर कान बिघडलाय असं समजतात. म्हणजे मला चक्कर येत नाही हे सिद्ध करायला आधी चक्कर येऊन दाखवावी लागली. ही गोष्ट तुम्हाला फोनवर सांगायला घेतली होती. तुम्ही मध्येच आईला हाक मारलीत.

मग अकोल्याच्या कोर्टाबाहेर रामराव अर्जनवीसांकडे आपण ते शपथपत्र करून घेतलं, ते तर मी फ्रेम करून लावणार आहे. ‘मी खुशालराव ऊर्फ खुशाल शपथेवर लिहून देतो की, मी उच्चारलेल्या चक्कर या शब्दाचा अर्थ हेलपाटा असा असून त्याचा माझ्या मुलीच्या प्रकृतीशी काहीही संबंध नाही.’ रामराव टाइप करता करता थांबले आणि म्हणाले, ‘खुशालभाऊ, चाळीस वर्सांत असं शपथपत्र पयल्यांदाच करून राहिलो.’ तुम्ही सही करायला उठलात. उठलात आणि थांबलात. डाव्या हातानं खांब धरलात, डोळे मिटलेत, आणि मग सही केलीत. सही वाकडी आली. मी विचारलं तर म्हणालात, ‘पेन बेकार हाये.’ तो पेन माझा होता, बाबा. त्याच पेनानं हे पत्र लिहितेय, चांगला चालतो.

त्या दिवसापासून मी तुमच्यावर नजर ठेवून आहे. ज्या मोटरसायकलला तुम्ही कोणाला हात लावू दिला नाहीत, ती आता नितेश चालवतो आणि तुम्ही मागे बसता. कार्तिकात वावरातून गुडघा फोडून आलात आणि ‘चिखलात पाय घसरला’ म्हणालात, तेव्हा पाऊस जाऊन पंधरवडा उलटला होता. पिंपळाखालची बैठक सोडलीत. संक्रांतीला मी तिळगूळ द्यायला वाकले आणि तुम्हीही वाकलात, तर एकदम भिंतीला टेकलात. तुम्ही लपवत होतात आणि मी तुम्हाला लपवू देत होते, कारण आधी मला खात्री करून घ्यायची होती.

खात्री आईनं करून दिली. त्याच रात्री भांडी घासताना ती रडकुंडीला येऊन म्हणाली, ‘तुये बाबा डॉक्टरले म्हंतेत, गोळी द्या, पन कागद नोका करू. कागद झाला का दिल्लीले जाते.’ तेव्हा मला सगळा उलगडा झाला. माझ्या फॉर्मवर ‘कुटुंबात कोणाला काही आजार?’ असा रकाना आहे, तो तुम्ही वाचलाय. एकदा चुकून लिहिलेली चक्कर खोडायला एवढा जन्म गेला, आता बापाला खरोखरच चक्कर येते म्हटलं तर पोरीचं विमान कायमचं जमिनीवर, असं तुम्ही मनाशी धरलंत. आणि त्यापायी डोकं गरगरत असताना रोज विहिरीच्या काठावर उभे राहून मोटर सुरू करता. बाबा, तुम्हाला अक्कल आहे का? लेकीनं बापाला असं लिहू नये, पण लिहिते. तुम्ही त्या विहिरीत पडलात तर मी कोणत्या तोंडानं विमानात बसू?

आता मुद्द्याची गोष्ट. संक्रांतीनंतर नागपूरच्या डॉक्टरांना मी फोन करून सरळ विचारलं, वडिलांना चक्कर येत असेल तर माझं काय? ते म्हणाले, विमान वडील चालवणार आहेत का? तुझं काही अडत नाही, पण त्यांना लवकर दाखव. बीपी असेल, साखर असेल, कानाचं असेल, बहुतेकदा औषधानं आटोक्यात येतं. मग जानेवारीअखेर पुनर्तपासणीचा फॉर्म भरला, तेव्हा त्या रकान्यात ‘वडील’ या शब्दापुढे मी माझ्या हातानं लिहिलं: चक्कर येते, तपासणी व्हायची आहे. खरं होतं, म्हणून लिहिलं. बाबा, परवा जो पास झाला तो हाच फॉर्म. तुमची चक्कर दिल्लीला जाऊन आली, त्यांनी वाचली, आणि वर ‘पात्र’ असा शिक्का मारला. आता लपवायला काही उरलं नाही. मंगळवारी सकाळी अकोल्याच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय, मी इथून गाडीत चढते, तुम्ही नितेशसोबत अकोला स्टेशनवर या. विहिरीकडे तोवर फिरकायचं नाही, हे आईला मी वेगळं सांगितलंय. आणि डॉक्टरांनी ‘चक्कर?’ असं विचारलं, तर या वेळी ऑफिसांचं सांगू नका. तुमचं सांगा.

तुमचीच,
आरती