कुकरची शिट्टी गाळणारा कीबोर्ड

२ नोव्हेंबर २०२४, शनिवार. दिवाळी पाडवा.

अखेर कीबोर्ड घेतला. दुकानातलं सगळ्यात स्वस्त मॉडेल, पण पाठीमागे ‘मिडी’ लिहिलेलं आहे हे मी स्वतः वाचून घेतलं. मिडी असेल तो प्रोफेशनल, बाकीची खेळणी. दुकानदार मिडी म्हणजे काय ते सांगायला लागला होता. मी म्हणालो, यूट्यूबवर सगळं असतं, तुम्ही फक्त पॅक करा.

कारण लिहून ठेवतो. वडिलांचा, आबांचा, घसा श्रावणापासून बसलाय. मिरजेच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवलाय. काही निघणार नाही असं माझं मत आहे. तरी खबरदारी म्हणून आबांची धनगरी ओवी रेकॉर्ड करून ठेवायची. पणजोबा मेंढरं घेऊन माणातून कोयनेच्या अंगाला कसे उतरले, मुक्काम कुठे पडले, वाटेत कोण गेलं, कोण जन्मलं, सगळं तिच्यात आहे. कुठे लिहिलेली नाही. आबा ओळ टाकायचे आणि त्यांचे जोडीदार नानासोअण्णा ती मागून उचलायचे. अण्णा गेल्या वर्षी वारले. आता ती एकट्या आबांच्या गळ्यात आहे.

उत्कर्षा म्हणाली, अहो, फोनवर करा की, उद्याच जाऊ वाडीला. मी हसलो. फोनवर लोक लग्नातला बँजो रेकॉर्ड करतात. बायकोला हे समजावत बसलो नाही.

संकल्प: आठवड्यात कीबोर्ड शिकणे. मग आबा.

३ नोव्हेंबर. सकाळी.

लॅपटॉपला कीबोर्ड दिसत नाही. केबल बदलली. ड्रायव्हर टाकला, काढला, परत टाकला. कंपनीला कडक भाषेत ईमेल लिहिला.

दुपारी.

उत्कर्षाने मागचं बटण दाबलं. चालू झाला. बटण मागे ठेवणं ही डिझाइनची चूक आहे. ईमेल गेलेला आहे, तो तसाच राहू दे.

७ नोव्हेंबर.

पहिलं ट्रायल रेकॉर्डिंग. थक्क झालो. मी डाव्या-उजव्या हाताने पट्ट्या दाबत होतो, तिकडे कुकरच्या शिट्ट्या चालू, टीव्ही चालू, खाली भंगारवाल्याची आरोळी. फाईल लावली तर फक्त कीबोर्ड. शिट्टी नाही, टीव्ही नाही, भंगारवाला नाही. एवढ्या स्वस्तात असं नॉइज कॅन्सलेशन!

उत्कर्षा म्हणाली, मग आबांचा आवाज येईल का यात? मी म्हणालो, आवाज आणि गोंगाट यात फरक असतो, मशीनला तो कळतो. तिने मला गाऊन बघायला सांगितलं. गायलो. आला नाही. म्हणजे मशीनने मला गोंगाटात धरलं. थोडं लागलं मनाला. पण आबांची गोष्ट वेगळी.

११ नोव्हेंबर.

करंगळी ऐकत नाही. यूट्यूबवरचे मास्तर म्हणतात, पहिला महिना फक्त सा रे ग म. मी थेट कॉर्डवर गेलो. एकदम तीन पट्ट्या दाबल्या की कॉर्ड होतो. मला दोन येतात, तिसरी कधी कधी. मास्तरांचा पहिला व्हिडिओ ‘मिडी म्हणजे काय, काय नाही’ असा आहे. बाळबोध वाटला. स्किप.

१३ नोव्हेंबर, बुधवार.

रिपोर्ट आला. निघालं. स्वरयंत्र काढावं लागणार. जीव वाचेल म्हणतात. आवाज राहणार नाही. ऑपरेशन १६ डिसेंबरला.

अंजनाआक्काने वाडीवरून फोन केला. ती थोरली, वाडीतच दिलेली आहे, आबांचं सगळं तीच बघते. रडत होती. मी तिला म्हणालो, घाबरू नको, माझ्याकडे मिडी आहे. नंतर कामावर, अडतीत गुळाच्या ढेपांमागे जाऊन मीही रडलो. शेठ बघून गेले.

महिना आहे हातात. महिना म्हणजे भरपूर.

१७ नोव्हेंबर, रविवार. वाडी.

सगळा सेटअप पिशवीत घालून विटा-मायणीमार्गे म्हसवडची एसटी धरली. आबा आंघोळ करून, फेटा बांधून बिरोबाच्या देवळापुढे ढोल घेऊन बसलेले. बघून छाती भरून आली. पण देवळात प्लगच नाही आणि लॅपटॉपची बॅटरी उतरलेली. आबा म्हणाले, “लाइट न्हाई म्हणून ओवी थांबती व्हय रं?” अशिक्षित माणसाला टेक्निकल बाजू समजत नाही, त्यांचा दोष नाही.

मग घरी आलो. मेट्रोनोम लावला, म्हणजे ताल सुटू नये म्हणून होणारी टकटक. आबा इकडंतिकडं बघायला लागले. आक्काला म्हणाले, “सुतारपक्षी शिरलाय का गं घरात?” मी सांगितलं, आबा, हिच्याबरोबर गायचं. त्यांनी प्रयत्न केला. त्यांची एक ओळ लांब असते, एक आखूड, टकटक आपली सारखी. शिवाय त्यांचा सूर माझ्या दोन पट्ट्यांच्या मधोमध पडतो. थोडा वर घ्या म्हणालो. “वर कुटं घ्यू? माज्या बानं हितंच ठिवलाय,” म्हणाले आणि पाणी प्याले.

मग म्हणाले, “त्ये ऱ्हाऊ दे बाजूला. तू नुसती मागनं उचल. उचलल्याबिगार मला फुडं जाता येत न्हाई.” हा नियम खराच आहे. ओळ टाकली की दुसऱ्याने ती शेवटाला धरून परत म्हणायची, तोवर गाणारा थांबतो. पण मी कधी गायलेलो नाही. मी म्हणालो, आबा, कॉर्ड देतो की, कॉर्ड म्हणजे अण्णाच समजा. आबा माझ्याकडे बघत राहिले.

आज नुसता साउंड चेक झाला असं समजायचं. पुढच्या रविवारी फायनल.

२४ नोव्हेंबर, रविवार.

गेलो नाही. लेटन्सी सापडली. म्हणजे पट्टी आत्ता दाबली की लॅपटॉपमधून आवाज जरा मागाहून येतो. माझा ताल का चुकतो याचं शास्त्रीय कारण आज मिळालं. दिवसभर सेटिंग.

संध्याकाळी आक्काचा फोन. आबा फेटा बांधून बसले होते म्हणाली.

१ डिसेंबर, रविवार.

सर्दी. मला. अशा अवस्थेत आबांच्या जवळ जाणं बरोबर नाही, त्यांच्या घशाला धोका. हे मी त्यांच्यासाठीच केलं.

उत्कर्षा म्हणाली, मी एकटी जाऊन फोनवर घेऊन येते. मी म्हणालो, एकदा खराब क्वालिटीत घेतलं की आयुष्यभर तेच ऐकावं लागतं. तिने काढलेली पिशवी परत खुंटीला लावली. पटलं असावं.

८ डिसेंबर, रविवार.

अडतीत गुळाची आवक तुंबलेली, शेठने रविवारीही बोलावलं. जाऊ शकलो नाही. तसा दुपारी मोकळा झालो होतो, पण एसटीत कीबोर्ड उभा धरून न्यावा लागतो. त्यापेक्षा आबाच ऑपरेशनसाठी सांगलीला येणार आहेत. इथे प्लग आहेत.

तिसरी पट्टी आता बहुतेक वेळा लागते.

१४ डिसेंबर, शनिवार.

झालं! रेकॉर्डिंग झालं.

आबा आणि आक्का सकाळच्या गाडीने आले. उद्या मिरजेला ॲडमिट. आबांचा आवाज म्हणजे आता नुसती फुंकर. ढोल आणलाच नाही त्यांनी, मांडीवर थाप मारत होते. मी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, पडदे सोडले. एकदम स्टुडिओ. आक्का कोपऱ्यात तिचा फोन उभा करत होती. मी तिला बंद करायला लावला. उत्कर्षाचाही बंद. एखादा कॉल आला तर सगळं वाया जायचं. आक्का म्हणाली, “आरं इंद्रा, असू दे की बाजूला, त्यो काय खातोय?” मी आवाज चढवला. तिने फोन पिशवीत टाकला.

आबांनी सुंबरान मांडलं, म्हणजे देवाला हाक घातली आणि पहिली ओळ टाकली. मग माझ्याकडे बघितलं. मी कॉर्ड दिला. तिन्ही पट्ट्या लागल्या! आबा थांबलेलेच. मी परत दिला. हाताने खूण केली, चला पुढे. खालच्या मजल्यावर भाडेकरू आहेत, मी गळा काढला असता तर काय म्हणाले असते? बऱ्याच वेळाने आबा पुढे गेले. मग प्रत्येक ओळीला असंच. ओळ टाकायची, माझ्या तोंडाकडे बघायचं, मी बोटांनी उत्तर द्यायचं. पण शेवटपर्यंत गायले. कोयनेच्या काठाला पणजोबा उतरले तेव्हा आक्का पदर तोंडात धरून रडत होती. उत्कर्षाही. मलाही भरून आलं, पण माझं लक्ष स्क्रीनवर ठेवणं भाग होतं.

स्क्रीनवर माझ्या कॉर्डचे हिरवे ठोकळे छान उमटले आहेत. आबांच्या जागी कोरं दिसतं. आवाज बारीक आहे ना. नंतर वाढवता येईल.

आबांनी विचारलं, “समदं आलं न्हवं?”

मी म्हणालो, समदं आलं, आबा.

१६ डिसेंबर, सोमवार. मिरज.

ऑपरेशन व्यवस्थित झालं असं डॉक्टर म्हणाले. आबा शुद्धीवर आले तेव्हा काहीतरी बोलायला गेले. ओठ हलले. गळ्याच्या भोकातून हवेचा आवाज आला. मी बाहेर येऊन चहा घेतला. देवाने बुद्धी दिली म्हणून वेळेत रेकॉर्डिंग केलं, असं राहून राहून वाटत होतं.

२२ डिसेंबर, रविवार.

मिक्सिंगला बसलो. आबांचा आवाज वाढवला. अजून वाढवला. लॅपटॉपचा, स्पीकरचा, सगळा. माझे कॉर्ड एवढे मोठे झाले की खालचे भाडेकरू वर आले. मधल्या जागेत काही नाही. खरखरसुद्धा नाही.

संध्याकाळी.

कीबोर्डबरोबर आलेलं पुस्तक उत्कर्षाने खोक्यातून काढून वाचलं. मिडीतून आवाज जातच नाही. कुठली पट्टी, कधी, किती जोरात दाबली, एवढीच माहिती जाते. खोलीत कोण गातंय, कुकर आहे का माणूस आहे, त्याला काही ठाऊक नसतं. हे खोक्यावर मोठ्या अक्षरात छापायला नको? कंपनीला ईमेल लिहायला बसलो. ‘महोदय’च्या पुढे सुचलं नाही.

आक्काला फोन केला. तुझ्या फोनमध्ये थोडंफार आलंय का, सुरुवातीचं तरी? ती म्हणाली, “तूच बंद कराय लावलास की रं.” दुसरं काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आबांना सांगायचं नाही. प्रकृती नाजूक आहे.

२९ डिसेंबर, रविवार.

आबा आमच्याकडे आहेत. गळ्याला जाळीचं फडकं. दुपारी त्यांनी लॅपटॉपकडे बोट केलं. मी म्हणालो, अजून काम चालू आहे, आबा. त्यांनी परत बोट केलं. आक्का आणि उत्कर्षा दोघी माझ्याकडे बघत होत्या. वाटलं, कॉर्ड तरी ऐकवू. मेहनत घेतलेली आहे.

फाईल लावली. आधी शांतता. आबा डोळे मिटून बसले आणि मांडीवर थाप धरली. माझ्या लक्षात आलं, त्यांचे ओठ हलतायत. सुंबरान चाललं होतं. मग पहिली ओळ, लांबच्या लांब, आवाज नाही. बरोबर तिच्या शेवटाला माझा कॉर्ड वाजला. जागा अगदी अचूक होती, हे मान्य करावं लागेल.

आबांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. मागनं उचल म्हणून हात केला. मी तोंड उघडलं. खालचे भाडेकरू गावाला गेलेत, तीही अडचण नव्हती. पण ओळ येत नव्हती. एक शब्दही आठवेना. त्या दिवशी मी स्क्रीन बघत होतो.

दुसरा कॉर्ड वाजला, मग तिसरा. पुढचे सगळे मुक्काम कोरे जात राहिले, कोयनाही गेली. आबांचे ओठ परत हलले नाहीत. फाईल संपेपर्यंत ते पहिल्याच ओळीवर थांबून माझ्या तोंडाकडे बघत होते.