कड्याखाली कापलेली दोरी

प्रिय प्राजक्ता,

सायवनला सुखरूप पोचलो. फोन केला नाही, कारण शेजारचा उमेश फोन स्पीकरवरच लावतो आणि तुझी आई बाजूला कान देऊन बसते. मला जे सांगायचंय ते तिच्यासमोर जमणार नाही. चौथीच शिकलोय, अक्षर लावून घे.

आधी सांग, पायाला लागलं नाही ना? कोयत्याला आदल्याच दिवशी धार लावली होती. दोरी कापली ती तुझ्या घोट्यापासून चार बोटांवर. गाडीत बसल्यापासून तेच डोळ्यांसमोर येतंय. लागलं असेल तर लपवू नकोस, इंजेक्शन घे.

आपला बोर्डीचा किनारा सपाट, ओहोटीला पाणी पार लांब जातं. मला वाटलं, खाली कोकणातही तसंच असेल. तुमच्याकडे मागे एवढा उंच कडा, उतरायला नुसते खोदलेले दगड, आणि आसपास वस्ती नाही की दुकान नाही. आईनं दिलेला भाकरी-सुकटीचा डबा सांभाळत मी बसत बसत उतरलो. तू फळीवर उभी राहून लाटेवरून येत होतीस. खरं सांगतो, बघतच राहिलो. मग पडलीस, आणि फळी तुला पायाच्या दोरीनं ओढायला लागली.

आपल्याकडे पुरात बैल सापडला की आधी दावं कापतात, बाकीचं मग. कोयता कमरेला होताच. मी पाण्यात शिरलो आणि दोरी तोडली. तू उभी राहिलीस तर पाणी तुझ्या कमरेएवढं. फळी मात्र खडकांवर जाऊन दुभंगली. फळी वाहून जाऊ नये म्हणून ती दोरी तुम्ही मुद्दाम बांधता हे मला कुठे ठाऊक? तुझ्याकडे शिकायला आलेली मुलं हसली. एकानं विचारलं, "ताई, हे आजोबा कोण?" तू लगेच म्हणालीस, "माझे बाबा." आणि मी म्हणालो, "नाही हो, मी हमाल. यांचा डबा पोचवायला आलोय."

मुलं परत हसली. तू नाही हसलीस. मी डबा खडकावर ठेवला आणि वर चढलो, मागे न बघता.

आईला सांगितलं, पोरीची फजिती नको म्हणून तसं बोललो. तिनं मानलं. पण ते खोटं आहे. तू आखूड कपड्यांत, ओली, परक्या पोरांमध्ये उभी होतीस आणि मला तुझी लाज वाटली. गावातही मी, तू शाळेत शिकवतेस, असंच सांगत आलोय. तू मात्र एवढं नुकसान करणाऱ्या माणसाला सगळ्यांसमोर बाप म्हणालीस.

रविवारी तुझा वर्ग असतो ना? मी येतो, कोयता घरी ठेवून. त्याच मुलांसमोर मला सांगू दे की मी तुझा बाप आहे. नको वाटत असेल तर उमेशच्या फोनवर एवढंच कळव, रविवारी वर्ग नाही. मी समजेन. आईला काही कळणार नाही.

तुझाच,
बाबा