डिंकाने चिकटवलेल्या मधमाश्या

मी, श्रीहरी वारलू दुर्गे, वय सत्तर, निवृत्त पोस्टमन, राहणार आलापल्ली, जिल्हा गडचिरोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. पत्नी गिरजाबाई हिचे मत वेगळे असू शकते, पण ते कायद्यात बसत नाही.

१. राहते घर व पोस्टातील बचत गिरजाबाईची. तिच्या हयातीत मुलगा कुलदीप याने घर विकण्याचा विषय काढू नये. घुग्घुसच्या खाणीत त्याचे बरे चालले आहे.

२. सायकल कुलदीपला. तिच्यावर मी एटापल्लीकडचे टपाल वाटले. एकदा वाटेत आग्या मोहोळ उठले, तेव्हा टपालाची पिशवी डोक्यावर ओढून वाचलो. त्याच आठवड्यात एका पाकिटावर मधमाशीचे तिकीट आले. जिने मला अर्धा कोस पळवले, तिला सरकारने तिकिटावर बसवले! तिथून छंद जडला. ज्यांना वाचता येत नसे त्यांना मी पत्र वाचून दाखवी आणि किड्याचे तिकीट असेल तर तेवढे मागून घेई. मधमाश्या, फुलपाखरे, भुंगे मिळून दोनशे बारा जमली.

३. दोनशे तेरावे तिकीट, चतुर या उडत्या किड्याचे, मित्र मुखरूने पाहायला नेले. "वाळवीनं खाल्लं गा," म्हणतो. तिकिटाशेजारीच ठेवलेले त्याच्या लग्नाचे फोटो मात्र वाळवीला आवडले नाहीत. मी माफ केले आहे, विसरलेलो नाही.

४. तिकिटांचे रजिस्टर. सन १९९८ च्या पावसाळ्यात मलेरियाने अठरा दिवस चंद्रपूरच्या दवाखान्यात होतो. ओल लागून तिकिटे खराब होतील या काळजीने गिरजाबाईने ती सगळी धावड्याच्या डिंकाने रजिस्टरात पक्की चिकटवली. तिकीट असे चिकटवले की जमवणाऱ्याच्या लेखी त्याची किंमत संपली. घरी येताच मी चार लोकांत ओरडलो, "तुले काही अक्कल हाये का नाई?" रजिस्टर पेटीत फेकले. तीन महिने बोललो नाही. त्यानंतर तिने त्या पेटीला हात लावला नाही.

मागच्या वर्षी मोतीबिंदू काढल्यावर ते पहिल्यांदा उघडले. प्रत्येक तिकिटाखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात गाव आणि माणूस लिहिलेले आहे, कोणाच्या पत्रावरचे ते. मी संध्याकाळी जेवताना बडबडत असे. मला वाटे, ही ऐकतच नाही. मी मूर्ख होतो आणि तिच्याशी फार वाईट वागलो.

म्हणून रजिस्टर गिरजाबाईचे. कुलदीपने मोबाइलवर पाहून तिकिटे कोमट पाण्यात सोडवू नयेत. किंमत गेली तर जाऊ द्यावी, खालची नावे जाता कामा नयेत. हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. सही करण्याआधी, साक्षीदारांसमोर, मीच ते तिला वाचून दाखवणार आहे. ती ओरड चार लोकांत झाली होती.

वाचून दाखवले. गिरजाबाई बराच वेळ पदराने चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली, "दोन नावं चुकली हायेत माह्या हातून. तुमी कवा इचाराल म्हून वाट पाहून राह्यली होती मी." आम्ही दोघे पेन्सिल घेऊन बसलो. त्यामुळे सकाळी व्हायची सही दुपारी होत आहे.

साक्षीदार:
१. मुखरू (कलम ३ ऐकून, कुरकुरत)
२. आशाबाई, शेजारीण

सही: श्रीहरी वारलू दुर्गे
आलापल्ली, दि. ९ नोव्हेंबर २०२५